विस्तारक भाता व निकट-छायाचित्रण : ज्वारीवरील खोडमाशीच्या अंड्याच्या संदर्भात

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कर्जत तालुक्यात, नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिरजगाव हे गाव आहे. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा असून येथील शेतकऱ्याचे वर्ष मुख्यतः रब्बी ज्वारीवर अवलंबून असते. भाद्रपद-आश्विनात पडणाऱ्या पावसाने काळ्या जमिनीत जी ओल साठते, तिच्यावरच पीक उभे राहते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ पेरणीस योग्य मानला जातो. ह्या अवधीत केलेली पेरणी वाया गेली, तर दुबार पेरणीसाठी जमिनीत पुरेशी ओल उरत नाही. आणि धान्याबरोबर कडबाही जात असल्यामुळे घरातील माणसांइतकीच गोठ्यातील जनावरांचीही अडचण होते.

ज्वारीचे रोप जमिनीतून वर आल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याला ज्या किडीचे भय असते, ती म्हणजे खोडमाशी होय. शास्त्रीय परिभाषेत तिला ॲथेरिगोना सोकाटा असे नाव आहे. घरमाशीहून लहान व करड्या रंगाची ही माशी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूस, पानाच्या मध्यशिरेला समांतर असे, एकेकटे अंडे घालते. अंडे पांढरे, लांबट, दोन्ही टोकांकडे निमुळते झालेले असते. त्याची लांबी सुमारे एक मिलिमीटर व रुंदी त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी भरते. एक-दोन दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते, पानावरून सरकत पोंग्यात शिरते आणि आतील वाढीचा कोंब कुरतडून टाकते. मग मधले पान सुकते व ओढताच हातात येते. ह्यालाच शेतकरी पोंगेमर म्हणतात. कोंब एकदा तुटला की तो पुन्हा जोडता येत नाही. बुंध्यातून फुटवे आले तरी ते मागाहून वाढतात व त्यांची कणसे मूळ ताटाच्या कणसाची बरोबरी क्वचितच करतात.

ह्यावरून हे स्पष्ट होईल की, पोंगेमर दिसू लागल्यावर कीड ओळखण्यात फारसा अर्थ उरत नाही. ती अंड्याच्या अवस्थेतच ओळखली पाहिजे. परंतु एक मिलिमीटर लांबीची पांढरी रेघ कोवळ्या पानाच्या पाठीवर शोधणे हे नवख्या नजरेचे काम नव्हे. मावा किडीची टाकलेली कात, चिकटलेला धुळीचा कण किंवा अळी निघून गेलेले रिकामे कवच ह्यांपासून ते अंडे वेगळे ओळखावयाचे, तर त्याचे स्पष्ट व विश्वसनीय चित्र आधी डोळ्यांसमोर असावे लागते. असे चित्र घेण्याचे जे एक जुने, साधे व हिशेबाला पक्के साधन आहे, त्याचा म्हणजे विस्तारक भात्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाता म्हणजे काय?

लोहाराचा भाता व बाजाच्या पेटीचा भाता महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहेत. छायाचित्रणातील भाता घड्यांच्या रचनेने त्यांचाच भाऊबंद आहे. मात्र त्याचे काम वारा घालण्याचे नसून अंधार राखण्याचे आहे. कापड, चामडे किंवा तत्सम अपारदर्शक पदार्थाची घड्याघड्यांची ही नळी एका टोकाला कॅमेऱ्याला व दुसऱ्या टोकाला भिंगाला जोडलेली असते. दोन्ही टोके एका दातेरी रुळावर मागेपुढे सरकतात व हव्या त्या ठिकाणी स्क्रूने आवळून ठेवता येतात. जुन्या स्टुडिओंतील लाकडी कॅमेऱ्यांना व छापखान्यांतील ठसे तयार करणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांना असा भाता अंगचाच असे. पुढे कॅमेरे लहान झाले, तेव्हा तो एक स्वतंत्र जोडसाधन म्हणून मिळू लागला.

भात्यात काच मुळीच नसते. साध्या भिंगावर दुसरे जवळचे भिंग चढवूनही प्रतिमा मोठी करता येते. पण त्या जादा काचेचे दोष प्रतिमेत उतरतात. भात्यामुळे भिंगाच्या गुणदोषांत काहीच मिसळत नाही. तो केवळ भिंग व संवेदक पृष्ठ ह्यांमधील अंतर वाढवितो. ठरावीक लांबीच्या विस्तारक कड्याही हेच करतात. परंतु कड्यांनी अंतर टप्प्याटप्प्याने वाढते, तर भात्याने ते सलगपणे, मिलिमीटर-मिलिमीटरने कमीजास्त करता येते. ही सलगता पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

विशालनाचा हिशेब

कोणतेही साधे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्या मागे नाभीय अंतरावर पाडते. वस्तू जवळ येऊ लागली की प्रतिमा मागे सरकते. म्हणजेच भिंग संवेदक पृष्ठापासून जितके अधिक दूर नेता येईल, तितकी अधिक जवळची वस्तू स्पष्ट दिसेल व तितकी तिची प्रतिमा मोठी पडेल. ह्याचे सूत्र अत्यंत सुटसुटीत आहे : दूरच्या वस्तूवर लावून ठेवलेल्या भिंगापुढे भात्याने जे जादा अंतर घातले, त्याला नाभीय अंतराने भागले असता विशालन मिळते. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असून भाता ५० मिलिमीटर ताणला, तर प्रतिमा वस्तूइतकीच पडते. १०० मिलिमीटर ताणला तर दुप्पट व १५० मिलिमीटर ताणला तर तिप्पट.

संवेदक पृष्ठ ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद धरले, तर तिप्पट विशालनाला त्यात वस्तूचा १२ मिलिमीटर लांब व ८ मिलिमीटर रुंद एवढाच भाग मावतो. एक मिलिमीटरचे अंडे त्यावर तीन मिलिमीटर लांब पडते. अशा पृष्ठाच्या लांबीत ६००० प्रकाशबिंदू असले, तर अंड्याच्या वाट्याला लांबीने ५०० बिंदू येतात. प्रतिमा वस्तूइतकीच ठेवली असती तर केवळ १६७ आले असते.

भात्याला किमान लांबी असते, हे मात्र विसरून चालत नाही. पूर्णपणे मिटलेल्या घड्यांचीही काही जाडी उरतेच. निकॉन कंपनीच्या पीबी-६ ह्या भात्याचा विस्तार ४८ मिलिमीटरपासून २०८ मिलिमीटरपर्यंत होत असे. त्याला ५० मिलिमीटरचे भिंग लावले की विशालन सुमारे एकपटीच्या खाली येत नाही व चारपटीच्या फारसे वर जात नाही. संपूर्ण रोपाचे चित्र घ्यावयाचे असेल, तर भाता बाजूस ठेवणेच योग्य.

मोबदला

विशालन फुकट मिळत नाही. त्याचा मोबदला प्रकाश, स्पष्टतेची खोली व वस्तूपुढील मोकळी जागा अशा तीन नाण्यांत द्यावा लागतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतल्यास हा हिशेब पुढीलप्रमाणे पडतो. अंतरे मिलिमीटरमध्ये दिली असून स्पष्टतेची खोली छिद्रांक ८ ठेवून काढली आहे.

| विशालन | भात्याने घातलेले अंतर | भिंगापासून वस्तूचे अंतर | प्रकाशनकालाची पट | स्पष्टतेची खोली |
|---|---|---|---|---|
| १ | ५० | १०० | ४ | ०.९६ |
| २ | १०० | ७५ | ९ | ०.३६ |
| ३ | १५० | ६७ | १६ | ०.२१ |
| ४ | २०० | ६२.५ | २५ | ०.१५ |

प्रकाशाचा नियम असा : विशालनात एक मिळवून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, प्रकाशनकाल तितक्या पटीने वाढवावा. भिंगातून येणारा तोच प्रकाश आता मोठ्या क्षेत्रावर पसरतो, हे त्याचे कारण. एरवी एखाद्या पानाला सेकंदाचा साठावा हिस्सा पुरत असेल, तर तिप्पट विशालनाला सुमारे पाव सेकंद लागेल. भिंगामागून प्रकाश मोजणारा कॅमेरा हा हिशेब आपोआप करतो. परंतु हातात धरावयाच्या स्वतंत्र मापकाला भात्याची काहीच कल्पना नसते. शिवाय पुढून व मागून पाहिल्यास ज्यांचे छिद्र निरनिराळ्या आकाराचे दिसते, अशा भिंगांच्या बाबतीत कोष्टकातील पट थोडी चुकते. म्हणून दोन-तीन चाचणी-चित्रे घेणे केव्हाही हिताचे.

स्पष्टतेच्या खोलीचा स्तंभ अधिक विचार करावयास लावणारा आहे. तिप्पट विशालनाला ती ०.२१ मिलिमीटर, म्हणजे अंड्याच्या जाडीएवढीच, उरते. अंडे स्पष्ट आले तर वळलेल्या पानाची कड धूसर होते. खोली वाढविण्यासाठी छिद्र लहान करावे, असा मोह येथे होतो. आणि नवशिक्यांची चूक बहुधा येथेच घडते. प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो. ह्या विवर्तनामुळे वस्तूवरील प्रत्येक बिंदूची प्रतिमा ही एक लहानशी चकती बनते. भाता ताणला असता परिणामी छिद्रांक हा भिंगावर कोरलेल्या छिद्रांकाच्या विशालन अधिक एक इतक्या पटीने वाढतो. तिप्पट विशालनाला कोरलेला १६ हा प्रत्यक्षात ६४ होतो आणि हिरव्या प्रकाशात त्या चकतीचा व्यास ०.०८६ मिलिमीटर भरतो. खोली वाढते खरी, पण पानावरील बारीक लव त्या धूसरपणात पुसली जाते. छिद्रांक ५.६ ठेवल्यास चकती ०.०३ मिलिमीटरच्या आत राहते व स्पष्टतेची खोली ०.१५ मिलिमीटर उरते. तिप्पट विशालनाला हाच समतोल बहुधा इष्ट ठरतो.

उरलेली खोली अनेक चित्रांनी भरून काढावी लागते. संपूर्ण यंत्रणा दर वेळी सुमारे ०.१ मिलिमीटर पुढे सरकवीत क्रमाने चित्रे घ्यावयाची व प्रत्येकातील स्पष्ट भाग संगणकाच्या साह्याने एकत्र जोडावयाचा, ही पद्धती आता रूढ झाली आहे. पानाचा वळलेला भाग दीड मिलिमीटर खोल असेल, तर त्यासाठी सुमारे पंधरा चित्रे पुरतात.

भिंग उलटे का लावतात?

सामान्य भिंगाची घडण अशी असते की, त्याच्या पुढची वस्तू दूर असावी व मागची प्रतिमा जवळ पडावी. विशालन एकपटीपलीकडे गेले की ही स्थिती उलटते. आता वस्तू भिंगाला जवळ असते व प्रतिमा दूर. म्हणून भिंगच उलटे करून लावले, म्हणजे त्याची मागील बाजू वस्तूकडे ठेवली, तर ते ज्या परिस्थितीसाठी घडविले होते तीच त्याला पुन्हा लाभते व कडांची स्पष्टता सुधारते. ह्यासाठी एक साधे उलटे कडे पुरते. काळोख्या खोलीतील छायाचित्रे मोठी करण्याच्या यंत्राचे जुने भिंगही भात्यावर उत्तम चालते, कारण ते मुळातच सपाट व जवळच्या वस्तूसाठी घडविलेले असते.

शेतातील व खोलीतील काम

मिरजगावच्या माळावर सकाळी ऊन चढू लागताच वारा सुटतो. तिप्पट विशालनाला पान शतांश मिलिमीटर हलले, तरी प्रतिमा तिप्पट हलते. तेवढ्याने सारी स्पष्टता जाते. ह्यासाठी रोपाशेजारी कामठी रोवून तिला पान चिमट्याने धरून ठेवणे, तिपाई जमिनीलगत घट्ट बसविणे आणि कॅमेऱ्याला हात न लावता तारेने किंवा विलंबयंत्राने चित्र घेणे आवश्यक असते. अंडे पानाच्या पाठीवर असल्यामुळे पान हळुवार उलटून धरावे लागते. ह्या खटपटीत अंडे गळून पडू नये, ही दक्षता घ्यावी लागते. झोतदिव्याचा प्रकाश सेकंदाच्या सहस्रांशाहूनही अल्पकाळ टिकत असल्यामुळे वाऱ्याची हालचाल गोठवून टाकण्यास तो उपयुक्त ठरतो. मात्र पांढऱ्या अंड्यावर उघडा झोत पडला तर त्याचा आकारच हरवतो. मध्ये अर्धपारदर्शक कागद धरून तो सौम्य करून घ्यावा. कागद पानाच्या एका अंगाला, अगदी खालच्या पातळीवर धरला की प्रकाश तिरपा पडतो आणि प्रत्येक लव आपली लहानशी सावली पाडते.

ही लव केवळ शोभेची नसते. ज्या ज्वारीच्या पानाच्या पाठीवर लव दाट असते, तिच्यावर खोडमाशी अंडी घालण्यास तितकीशी उत्सुक नसते, असे किडीला प्रतिकारक वाणांच्या अभ्यासात आढळून आले आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी ह्या सर्व भागात फार काळापासून पेरली जाते. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती ह्यांसारखे नवे वाण दिले. निरनिराळ्या वाणांच्या पानांची पाठ एकाच विशालनाला, एकाच तिरप्या प्रकाशात टिपून शेजारीशेजारी ठेवली, तर लवेची दाटी मोजता येते. चित्र येथे आकृती न राहता मापन बनते.

धुळीचा एक मुद्दा ह्या प्रदेशात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पेटीचा भाता ताणला की जशी हवा आत येते, तशीच कॅमेऱ्याच्या भात्यातही येते, व हवेबरोबर धूळही. संवेदक पृष्ठावर बसलेला एक कण प्रत्येक चित्रात त्याच जागी काळा ठिपका म्हणून उमटतो, आणि अंडी मोजणाऱ्याला तो फसवू शकतो. भाता झटक्याने ताणू नये, काम नसता मिटून पिशवीत ठेवावा व वर्षातून एकदा अंधाऱ्या खोलीत आत दिवा धरून घड्यांना भोके पडली नाहीत ना, हे पाहावे. वारा फारच असल्यास रोप मुळांवरील मातीसकट उचलून कुंडीत लावावे व खोलीत काम करावे.

वनस्पतीपुढे कॅमेरा स्थिर ठेवून धीराने काम करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपून एक लहानसा चित्रपट सिद्ध केला आणि त्याच्या बळावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. त्या चित्रपटाने काळ आखडून दाखविला. भाता अवकाश पसरून दाखवितो. दोहोंतही कॅमेऱ्याची जागा व प्रमाण काटेकोरपणे कायम राखणे ही पहिली अट होय.

प्रमाण राखण्याची रीत

चित्र स्पष्ट आले म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः शास्त्रीय चित्राचे अर्धे मूल्य त्याच्या प्रमाणात असते; आणि भात्यावर काम करताना हे प्रमाण नकळत बिघडण्याचा संभव मोठा आहे. चित्र स्पष्ट करण्यासाठी भाता थोडासा ताणला वा मिटला की विशालन त्याच क्षणी बदलते. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम हवे ते विशालन ठरवून भाता त्या लांबीवर आवळून टाकावा. त्यानंतर त्याला स्पर्श करू नये. वस्तू स्पष्ट करावयाची ती भात्यासह संपूर्ण कॅमेरा खालच्या रुळावर मागेपुढे सरकवून. त्याच आवळलेल्या स्थितीत अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेल्या पोलादी पट्टीचे एक चित्र घ्यावे. चित्राच्या ३६ मिलिमीटर लांबीत पट्टीचे १२ मिलिमीटर दिसले, तर विशालन तिप्पट, ११.५ दिसले तर ते ३.१३ पट. सूत्राने काढलेल्या आकड्यापेक्षा पट्टीने दिलेला आकडा अधिक खरा मानावा, कारण भिंगावर कोरलेले नाभीय अंतर पूर्णांकात दिलेले असते व प्रत्यक्षात ते किंचित कमीजास्त असू शकते. पट्टीचे चित्र, भात्याची लांबी, भिंग, छिद्रांक, वाण, पेरणीची तारीख व रोपाचे वय ह्यांची नोंद प्रत्येक चित्रमालिकेबरोबर ठेवावी.

ही काळजी का घ्यावयाची, ह्याचे उत्तर पुन्हा मिरजगावच्या शेतातच सापडते. समजा, प्रमाण न देता तेच चित्र भित्तिपत्रकावर छापले व गावातील चावडीवर लावले. पत्रकावर अंडे बोटभर लांब दिसेल. ते पाहून शेतात गेलेला शेतकरी निदान तांदळाच्या दाण्याएवढे काही तरी शोधील. ते न सापडल्यामुळे आपले शेत निर्धोक आहे, अशा समजुतीने परत येईल, आणि आठवड्याभरात पोंगे सुकू लागतील. उलट, धुळीच्या कणांनाच अंडी समजून कोणी अनावश्यक फवारणी करील व पदरचे पैसे घालवील. २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी ज्वारीवरही येते. तिची अंडी पुंजक्यांनी व केसाळ आवरणाखाली असतात, तर खोडमाशीचे अंडे एकेकटे व उघडे असते. हा भेद चित्रात प्रमाणासह दाखविला, तर कोणती कीड आहे ह्याविषयी शंका राहत नाही.

म्हणून अशा प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक मिलिमीटरची रेघ आखलेली असावी आणि शक्य तर शेजारी ज्वारीच्या संपूर्ण पानाचे, अंडे त्याच्या खऱ्या आकारात दिसेल असे, दुसरे लहान चित्र द्यावे. मोठ्या चित्राने अंड्याचे रूप कळते. लहान चित्राने नजर कोठे व कशासाठी वळवावयाची, हे कळते. भात्याने वस्तू किती पटींनी वाढविली, हे जोवर चित्राबरोबर सांगितलेले नाही, तोवर ते चित्र कितीही सुबक असले तरी पुरावा म्हणून अपुरेच होय. हे सांगण्यासाठी लागणारे साधन एका पोलादी पट्टीहून महाग नाही, आणि लागणारा वेळ एका जादा चित्राहून अधिक नाही.